पळणं सुटत नाई

—नाई नाई, पानी राहू द्या तुमच्यापाशीच, तुमाले अजून लय दूर जायचं दिसते. छातीले हात लावून पुलियावर बसलो मनून तुमाले वाटलं, बुढा गेला. गेलो नाई. धाप हाय नुसती, आन् पायाले हे सँडलीचं लागलं, रगत निंगालं थोडं. हो, सँडलीवरच पळून राह्यलो — बूट होते, चांगले होते, देऊन टाकले. सांगतो. पन तुमी थांबले हेच लय झालं भाऊ. पळनारा मानूस मधात थांबत नाई, मले मालूम हाय — थांबलं का आंग थंड पडते, मंग पाय उचलाचं नावच घेत नाई. हैदराबादचे ना? वाटलंच. इकडं तलमडुगुच्या रोडवर सकाळी कापूस वेचाले जानाऱ्या बाया दिसते, नाईतर बकऱ्या. पळनारं कोन दिसते?

या वयात काऊन पळता मनता? आता काय सांगाव. मी तहसीलमधी बाबू, दौलत माहं नाव, सारी जिंदगी खुर्चीत गेली. माहा बाप धोंडीबा दुसऱ्याच्या वावरात राबला. आमच्या घरात बिनकामाचं कोनी पळालंच नोतं — पळाचं मनजे मांग कोनीतरी लागलं पायजे, बैल नाईतर मालक. त्याच्यात हे पोट्टं निंगालं, अमरदीप. माहा पोरगा. सकाळी उठलं का उटनूरच्या रोडनं जंगलात जाये, सागाच्या झाडाझाडातून पळत, घामानं थबथब होऊन ये, आन् हासे. मी मनो, काय भेटते बे तुले? तं मने, बाबा, सांगून नाई समजत. बस, एवढंच. सांगून नाई समजत.

मेला तो. हैदराबादलेच मेला, शर्यतीत. लंबी शर्यत होती, आखरीच्या वळनावर पडला तो उठलाच नाई. नाई, कोनाची गलती नाई. मानसं धावले, डाक्टर होता तठी, छाती दाबली, सारं केलं. मांगून तेलुगूत सांगे डाक्टर — गुंडे, गुंडे — गुंडे मनजे काळीज, त्याची भिंत जाड होती मने, जन्मापासून. भायेरून कळत नाई. घरातूनच येते, तुमी सारे तपासून घ्या. घेतलं. त्याच्या मायचं साफ. बारक्या पोरीचं, भाग्यश्रीचं, साफ. माहं — माहं तसंच. जाड. मनजे मीच देल्लं ना त्याले? नाक माहं, आवाज माहा, आन् हेबी माहंच.

डाक्टर मनला, चाला, पन पळू नका. दुसऱ्या आठवड्यात मी पळालो. जिंदगीत पयल्यांदा. काऊन? त्याले शेवटी काय वाटलं असंन ते पाह्याचं होतं. त्याची माय मने, तुमाले मरायचं हाय. मी मनो, नाई. खोटं बोललो का तवा? असंन. पन मेलो नाई, तेच तं. पयले काय हाल, बापरे — बरगडीखाली कळ, पोटऱ्या दगडावानी, मांड्या घासून घासून सोलल्या, पायाची नखं काळी पडली आन् गळली, रस्त्याच्या कडीले बसून ओकलो. वाटे, याच्यासाठी पोट्टं जीव टाके? आन् मंग एक दिवस, असंच थंडीत, धुकं होतं, ज्वारीच्या वावरातून चाललो होतो आन् — कसं सांगू — वजनच गेलं. श्वास आपला आपला चालून राह्यला, पाय कोना दुसऱ्याचे. नुसता पायाचा आवाज. डोक्यात काईच नाई. तहसील नाई, बायकोचं रडनं नाई. तुमी मान हालवता मनजे तुमाले मालूम हाय. तर मले वाटलं, पोट्टं हरिकात गेलं मनजे. दुखत-खुपत नाई गेलं. लय बरं वाटलं मले, भाऊ. घरी येऊन तिले सांगितलं, तं तिनं ताट सारलं आन् उठून गेली.

आन् मंग सुटलंच नाई ते. खरं सांगू? तेवढा वेळ तो मेला हे ध्यानात राह्यत नाई. पळून राह्यलो तवर तो हाय कुठीतरी, पुढंच हाय. थांबलो का पुन्हा मरते. रोज मरते. मनून थांबाले भेव वाटते.

बूट? बूट पोरीसाठी देले. भाग्यश्री आता इंटरच्या कालेजात हाय, तीबी पळते — कोनी शिकवलं नाई तिले, भावाचं पाहून. डाक्टर मनलाच होता, पोरगी वाढून राह्यली, मधात मधात पाहात जा. या पावसाळ्यात पाह्यलं. मशीन छातीवर फिरवून राह्यला तो आन् मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो, बोलाच्या आंधीच कळलं. तिलेबी. घरी आली, तिसऱ्या दिवशी मले मनते, बाबा, तुमाले हाय तेच मले हाय ना? तुमी पळता ना? मंग मीबी पळीन. तिच्यासमोर बूट काढले, शेजारच्या चंपतले देऊन टाकले, तिच्या डोक्यावर हात ठेवला — आपुन दोघंबी नाई. ती रडली. पन आयकलं. तवापासून दोघं संध्याकाळी चालतो, बाप-लेक, हळूहळू, गायीवानी.

आन् मी आज अठी. हो ना. पाह्यता काय असे? घरी सांगून आलो, उत्तमरावच्या वावरात कापूस कुठवर आला पाहून येतो. आजच नाई — झाले काई दिवस. गावातल्या रोडनं नाई, वळख नाई तिकडूनच. तिनं सोडलं, लेकरानं सोडलं, आन् मले सुटत नाई. हे कोनापाशी बोललो नोतो मी. तुमच्यापाशीबी बोलाचं नोतं, तुमी पानी इचारलं आन् —

थांबा. तिकडं पाहा बरं. माहे डोळे दूरचं धरत नाई. बाभळीच्या पल्याड, लाल सुटर. पोरगीच हाय ना? वेनी हालून राह्यली. उत्तमरावनं मले पळताना पाहून घरी फोन केला असंन, नाईतर हिनंच — चालून राह्यली का? नीट पाहा ना भाऊ, चालून राह्यली का पळून राह्यली?

पळून राह्यली.

भाग्यश्री! थांब वं! थांब माय, पळू नको, मी काई केलं नाई, बसलोच हावो मी! — आयकू जात नाई तिले. नाई, मी उठत नाई. मी तिच्याकडं पळालो तं ती आनखी जोरानं येईन. बसलेला दिसलो पायजे. हा, असा. हात वर करतो. तुमी जा आता. जा मनलं ना. नाई — पळत नको. तिच्यासमोर नका पळू, हात जोडतो तुमाले. चालत जा भाऊ. चालत.