तिसऱ्या बाईचे हात

सेक्टर ६ च्या मराठी मंडळात भिलाईच्या पहिल्या घरांचे आणि पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्टीचे जुने फोटो लावले होते. रांगेत माझ्या पुढची आजी एका फोटोपाशी थांबली, तशी तिची नातही थांबली.

"प्रेरणा, खाली काय लिवलं हाय?"

"'भट्टीच्या पायव्याची माती वाहणाऱ्या मजूर बाया, १९५७. नावं माहीत नाहीत.' आजी, चल ना, लाईन रुकी है."

"रुकू दे. हे तिसरी बाई माही माय हाय. आन् तिच्या डोक्यावरच्या घमेल्यात माती नाही, मी हावो."

"काही बी! चेहरा तं दिसूनच नाही राहिला."

"चेहरा कायले पाह्यतं? हात पाह्य. बाकीच्या बायाइचे हात कुठी हायेत?"

"खाली. मोकळेच चालून राहिल्या."

"मातीले कोन धरते? आन् हिचे?"

"दोन्ही घमेल्याले."

"टोळीत लेकरू तिच्या एकटीलेच होतं. रोज मले अशीच घिऊन येत होती."

मी मागून मोजलं. नऊ बाया, सोळा मोकळे हात.

"ओ भैया!" नातीनं हाक मारली. "ये कार्ड गलत है. बदला आधी."

मंडळाचे एक गृहस्थ पेन घेऊन आले. नातीनं सगळं सांगितलं; फोटोतले ते दोन हात पाहून त्यांनी जुनं कार्ड काढलं.

"आईचं नाव सांगा, आजी."

"कौतिकाबाई. मोठ्या अक्षरात लिवा."

"आणि तुमचं?"

"पंचफुला. पन मले मजूर नका लिवू, बापू. मी तं झोपून होती."