पुढचे दोन डबे सँडकोट

हॅलो?… हां बेरिल, बोल… मीच बोलतेय, हेझल. दुसरं कोण उचलणार माझा फोन?… हो, गाडीतच आहे… मिळाली गं, गाडी मिळाली… नाही, सँडकोटची नाही. मूरबीची.

…

बेरिल? आहेस ना?… अगं ओरडू नकोस. स्मशानाच्या दारात उभी आहेस तू, लोक बघत असतील… मूरबीची म्हणजे मूरबीची. समुद्राकडे यायचं सोडून डोंगराकडे चाललेय. बाहेर मेंढ्या दिसतायत.

हो, हो… अगं ऐक ना. हॅवर्सली जंक्शनला उतरले मी, वेळेच्या कितीतरी आधी उतरले… हो, तिथंच गाडीचे दोन भाग होतात, मला नको सांगूस. पुढचे दोन डबे सँडकोटला, मागचे दोन मूरबीला. पाळण्यात ऐकलंय ते मी. पण तुझा नवराच म्हणाला ना परवा, हल्ली रोज बदलतं, बोर्ड बघितल्याशिवाय चढू नकोस म्हणून?… क्लाइवच म्हणाला. विचार त्याला… तर मी बोर्ड बघत उभी राहिले.

काय लिहिलं होतं? सांगते. ‘बेवारस सामान दिसल्यास आमच्या कर्मचाऱ्यांना कळवा.’… नाही, मग दुसरं आलं. ‘संशयास्पद काही दिसल्यास आमच्या कर्मचाऱ्यांना कळवा.’… गाडीचं आलं ना. का नाही आलं? पान एक, गाडी वेळेवर. पान दोन, मधली सगळी स्टेशनं. आणि कुठले डबे कुठे जाणार, ते पान तीनवर असतं. तर पान तीन यायच्या वेळेला पुन्हा बेवारस सामान… दर वेळी, हो. दर वेळी. मी आपली मान वर करून उभी. वाटायचं, आता येईल. एवढा वेळ थांबलोय तर येईलच.

कुणाला विचारणार? खिडकी बंद, कायमची. फलाटावर चिटपाखरू नाही. कर्मचाऱ्यांना कळवा म्हणे, आधी कर्मचारी कुठे आहेत ते कळवा… भोंग्यावर? भोंग्यावरही तेच, बेवारस सामान… होता, एक म्हातारा होता शेजारी. तोही बोर्डच वाचत होता. त्याला मूरबीला जायचं होतं.

गेला सँडकोटला. तुमच्याकडे येतोय तो आता… हसू नकोस. मग आज निघाले ना पुढचेच दोन डबे सँडकोटला, बाबांच्या वेळी जायचे तसेच. काही बदललं नव्हतं, बेरिल. माझ्यासमोर जे दार उघडलं, त्यात मी चढले… डब्यातही बोर्ड आहे गं! त्यावरही तेच चालू आहे, आत्ता, माझ्या डोक्यावर. म्हटलं, आता तरी पान तीन येईल. खिडकीतून बघते तर पुढचे डबे चाललेले. क्षणभर वाटलं, आपणच मागे सरकतोय. तो म्हातारा काचेतून माझ्याकडे बघत होता. मी हात केला त्याला. काय करणार?

नाही… पुढचं स्टेशन कधी येणार ते लिहितच नाहीत ना. आणि उतरून तरी काय, परतीची गाडी मिळून तिकडे येईपर्यंत तुम्ही घरी चहा पीत असाल… रडत नाहीये. सर्दी नाही, काही नाही. मला काहीच वाटत नाहीये बेरिल. सकाळपासून नाही. चीज आणि लोणच्याचं सँडविच होतं, ते खाल्लं अख्खं. चव लागली नाही, पण खाल्लं. अंगावर काळा कोट आहे, डोक्यात काही नाही.

शिट्टी? माझ्याकडेच आहे, पर्समध्ये… माहितीये गं, बाबांच्या शवपेटीवर ठेवायची होती. मीच म्हटलं होतं, मी आणते… हो, बाबा म्हणायचे ना. ‘माझी शिट्टी माझ्याबरोबर द्या, वर गाडी सोडायला कुणी नसलं तर?’ जन्मभर हॅवर्सलीच्या त्या एका फलाटावर ओरडले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावसात, थंडीत. जेवायला बसलं तरी तेच. ‘पुढचे दोन बटाटे बेरिल, मागचे दोन हेझल!’… तू हसणारच. मोठे बटाटे नेहमी पुढचेच असायचे.

काय म्हणतायत पाद्रीबाई?… पुढच्या अंत्यविधीचे लोक आले का? फुलं घेऊन?… त्यांचाही नंबर आहे बिचाऱ्यांचा. नाही, थांबायला नको सांगूस. सुरू करा. बाबा कुणासाठी गाडी थांबवायचे नाहीत. माझी पहिली मुलाखत आठवते ना? मी जिन्यावरून धावत येतेय, मला बघतायत, आणि तरी वाजवली शिट्टी. संध्याकाळी म्हणाले, तू पोचली असतीस, पण गाडी उशिरा पोचली असती.

हो… करा सुरू. मी आहे फोनवर.

…

…

हं? काय?… पेटीजवळ? फोन? नको गं. मी काय बोलू? सगळे ऐकतील… बेरिल, नको… ठेवलास?

बाबा.

हेझल बोलतेय… मी मागच्या डब्यात बसले, बाबा. बोर्ड वाचत बसले आणि… तुमचं ऐकलं असतं तर पोचले असते… थंडी आहे का तिथे?

…

बेरिल? हां, बोल… पेटीपुढचा पडदा ओढतायत? आत्ताच?… थांब. थांब, फोन तसाच धर. अगं पर्सची चेन… हं, सापडली. नाही, आधी ओरडायचं असतं. ते आधी ओरडायचे, मग वाजवायचे. धर नीट.

पुढचे दोन डबे सँडकोट! पुढचे दोन सँडकोट! चला, दारं सांभाळा, दारं!

…

…

गेला का आवाज?… सगळ्यांना?… कोण रडतंय ते? क्लाइव? आपला क्लाइव?… त्याला सांग, माझा राग नाही… पडदा लागला पूर्ण?

बरं.

मी?… नाही. अजून नाही. रडू येईल बहुतेक, घरी गेल्यावर. बाबांची किटली दिसली की… थांब गं एक मिनिट, कुणीतरी आलंय.

हो, मीच वाजवली… तुम्ही गार्ड का? अहो, म्हणजे आहात तर! इतका वेळ कुठे होतात?… त्या मागच्या सीटवरच्या बाईंनी कळवलं? बरोबर आहे त्यांचं, बोर्डावर तसंच लिहिलंय… नाही हो, संशयास्पद काही नाही. आमचे बाबा निघाले, एवढंच.

बेरिल, ठेवते गं. ते तिकीट मागतायत.