जावयाच्या गाडीची पहिली आंघोळ

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. आपली कुणावर माया असते, बरोबर? तर ती माया करायची कशी? आपल्या हाताला जमते तशी, की समोरच्याच्या अंगाला सोसते तशी? घाईनं उत्तर देऊ नका. देवळाच्या मागच्या खांबाला टेकलेले आजोबा मान हलवताहेत, पण ते झोपेत हलवताहेत. ते मत धरायचं नाही.

तर ऐका. टाकेवाडी नावाचं एक गाव होतं. नकाशात शोधू नका, मी सांगतो म्हणून ते आहे. त्या टाकेवाडीत तांबट आळी, आणि आळीत श्रीधर वडके. सगळं गाव त्यांना बापू म्हणायचं. तांब्याचे बंब, घंगाळं, हंडे घडवण्यात जन्म गेला. आणि घडवण्यापेक्षा उजळण्यात हात मोठा! चिंच लावून बापूंनी हंडा घासला, की त्यात बघून माणसानं दाढी करावी. एकदा म्हणे बापूंनी घासलेला बंब अंगणात ठेवला, तर कोंबड्याला वाटलं सूर्य उगवला. भर दुपारी आरवला बिचारा. खोटं वाटतंय? वाटू दे. आरवला तो कोंबडा, घसा त्याचा, तुमचं काय गेलं?

बापूंचा एकच नेम. ज्यात आपलं तोंड दिसत नाही ते भांडं अजून धुतलेलं नाही.

अशा बापूंची एकुलती एक लेक हर्षदा. तिचं लग्न झालं उन्हाळ्यात, आणि आता आली पहिली दिवाळी. म्हणजे दिवाळसण. म्हणजे जावई घरी! आता इथे सासुरवाडी बघितलेली मंडळी बसली आहेत, तुम्हाला जावई म्हणजे काय ते मी सांगायला नको. ज्याच्यासाठी घरातला चांगला तांब्या निघतो तो जावई.

जावयाचं नाव निनाद. आता गंमत बघा. नाव निनाद, आणि आवाज नाही! बोलायचाच नाही हो. चहा घेणार का, हो. साखर पुरे का, हो. प्रवास कसा झाला, झाला. बापू म्हणजे बोलघेवडा माणूस, त्यांना हे सोसेना. त्यात एक बारीक काटा टोचायचा. निनादनं लग्नापासून बापूंना कधी हाकच मारली नव्हती. बाबा नाही, मामा नाही, काही नाही. समोर असले की नुसतं, "येताय ना?" आणि मागे उल्लेख आला की "हिचे वडील". फोनवर मित्राला सांगायचा, "हिच्या वडिलांकडे आलोय." बापू पडवीत बसून ऐकायचे. हिचे! म्हणजे हिला वजा केलं की आपण कोण? रस्त्यानं जाणारा माणूस?

रात्री बायकोला म्हणाले, "सुलभा, या पोराला आपण आवडत नाही."

सुलभाताई करंज्या तळत होत्या. म्हणाल्या, "त्याला करंजी आवडली. सुरुवात चांगली आहे."

"करंजीला हाक मारायची नसते."

"तुम्ही लागा आता हात धुऊन त्याच्या मागे," त्या म्हणाल्या. "अहो, काहीजणांना वेळ लागतो."

पण बापूंना वेळ नव्हता. भाऊबीज आटोपली की पोरं जाणार. तोवर काहीतरी असं करायचं की हा पोरगा आपला म्हणेल. आणि करायला काय मिळालं? गाडी!

निनादनं दसऱ्याला नवी गाडी घेतली होती, तीच घेऊन आला होता. आता त्या गाडीचा रंग ऐका. काळा. पण नुसता काळा नाही. त्याला म्हणतात मॅट काळा. म्हणजे चकाकी नावालाही नाही. पाटीला पाणी लावून वाळवावी तसा. तव्यासारखा. इतका काळा की कावळा येऊन टपावर बसला आणि स्वतःलाच गोरा वाटायला लागला! झाडाखाली उभी केली, तर झाडाची सावली कुठे पडावी म्हणून अडली. आळीतल्या एका म्हातारीनं हात लावून विचारलं, "भाकरी टाकली तर भाजेल का रे?"

आळी तांबटांची. प्रत्येकाचा जन्म चकाकी काढण्यात गेलेला. सगळे गाडीभोवती जमले आणि दुखवट्याला आल्यासारखे उभे राहिले. पोटफोडेकाका सगळ्यांत शहाणे, ते वाकून बघून हळूच म्हणाले, "बापू, फसवलं हो पोराला. रंगाचा शेवटचा हात द्यायचा राहिलाय."

शेवटचा हात! भिंतीला रंग देताना म्हणतो ना आपण, एक हात झाला, दोन हात झाले? तसा शेवटचा हात राहिला म्हणे. बापूंच्या काळजात चर्र झालं. पोरगा अबोल. त्याला कुणीतरी अर्धीच रंगवलेली गाडी दिली, आणि हा भांडलासुद्धा नाही. आता विचारायला हवं होतं की नाही? जावई दहा पावलांवर सुपारी कातरत बसला होता. पण विचारणार कसं? तो काय म्हणणार? "हो." म्हणून बापूंनी विचारलं नाही. आणि निनाद, त्यानंही आपणहून सांगितलं नाही. मंडळी, जगातली निम्मी घाण इथे होते बघा. एकानं विचारायचं राहून जातं, दुसऱ्यानं सांगायचं.

उजाडली नरक चतुर्दशी. म्हणजे उजाडायच्या आधीच, अंधारात. जावई पाटावर, सासूबाई तेल लावताहेत, उटण्याचा वास घरभर. बापूंच्या डोक्यात दिवा लागला! जावयाला अभ्यंगस्नान, मग जावयाच्या गाडीला का नाही? तिचीही पहिली दिवाळी आहे. तीही लेकीच्या सासरची आहे. आणि शेवटचा हात राहिलाय तर तो आपला का नसावा?

तिळाच्या तेलाची वाटी घेतली. उटण्याची वाटी घेतली. वर्षानुवर्षं हंडे घासलेलं जुनं धोतर घेतलं. पुढच्या चाकाखाली कारीट ठेवलं. आपण डाव्या अंगठ्यानं फोडतो, तिला अंगठा नाही म्हणून बापूंनी गाडी जरा पुढे ढकलली. फुटलं कारीट! नरकासुर मेला. मग पणतीच्या उजेडात बॉनेटला तेल चोळलं, त्यावर उटणं, आणि घास... घास... घास. हात जुना, जोर जुना. बॉनेटचा अर्धा भाग झाला तोवर पूर्वेला तांबडं फुटलं.

आणि बापूंना त्यात स्वतःचं तोंड दिसलं!

अहाहा. केवढा आनंद. "सुलभा, ये बाहेर. निघालं बघ तेज!"

सुलभाताई आल्या. बघितलं. म्हणाल्या, "अहो, हे एकाच बाजूला का चमकतंय?"

"दुसरी बाजू करतोय ना."

मागून हर्षदा आली. ती किंचाळली वगैरे नाही. तिनं फक्त बापूंच्या हातातलं धोतर काढून घेतलं. म्हणाली, "बापू, बस करा. तो रंग तसाच असतो."

"तसाच म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. त्यानं तसाच मागितला होता. त्यासाठी किती महिने थांबला तो. कुठे धुवायला देत नाही, ब्रश लागेल म्हणून. पॉलिश लावायचं नाही, मेण लावायचं नाही. पक्ष्यानं काही केलं तर गाडी थांबवून लगेच पाण्यानं भिजवतो. घासलं की चकाकतो, बापू, आणि एकदा चकाकला की परत तसा होत नाही."

मंडळी, चाळीसेक वर्षं ज्या हातानं डाग काढले, त्या हातानं चकाकीचाच डाग पाडला. बापूंना गाडीचं वाईट वाटलंच, पण त्याहून दुसरं. आता हा पोरगा आपल्याला कधी हाक मारणार? आता तर "हिचे वडील" हे सुद्धा दात खाऊन म्हणेल. आणि लेकीला त्या घरात काय काय ऐकावं लागेल?

घाबरलेला माणूस काय करतो? अक्कल गहाण टाकतो. बापू म्हणाले, "राख लावून बघू? नुसती फासली की चकाकी झाकेल."

सुलभाताई म्हणाल्या, "राख आता माझ्या डोक्यात घाला."

तेवढ्यात आतून पावलं वाजली. बापूंनी खांद्यावरचं उपरणं झटकन बॉनेटवर टाकलं आणि त्याला टेकून उभे राहिले. एक पाय दुसऱ्यावर, एक हात कमरेवर. तांबट आळीचे नायक! निनाद दारात आला, केसांतून तेल ओघळतंय. बघतच राहिला.

"काय झालं?"

"कुठे काय? ऊन लागेल म्हणून झाकलंय."

ऊन अजून डोंगरापलीकडे होतं, बरं का. तेही ऐकून हसलं असेल.

निनाद काही बोलला नाही. तेच तर. ओरडला असता तर बापू उभे राहिले असते. त्या गप्प बसण्यापुढे टिकाव लागेना. त्यांनी स्वतःच उपरणं काढलं. म्हणाले, "मी घासली. मला वाटलं शेवटचा हात राहिलाय. तुमचं नुकसान केलं मी."

निनाद खाली वाकला. मान वाकडी करून उजेडात बघितलं. बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं.

"तेल कुठलं?"

"तिळाचं. घाण्यावरचं, चांगलं आहे."

"वर?"

"उटणं."

निनाद अजून वाकलेलाच. चेहरा दिसेना. हर्षदानं डोळे मिटून घेतले. मग तो म्हणाला, "दोन बादल्या पाणी लागेल. ऊन यायच्या आत तेल काढायला हवं, नाहीतर ते मुरेल."

सासरा नि जावई दोघे गाडीशी बसले. एका बादलीत साबणाचं पाणी, एकात साधं. निनादनं मऊ फडकं भिजवून दिलं. बापूंचा हात सवयीनं दाबायला गेला, तर निनादनं मनगट धरलं. पहिल्यांदा धरलं हो. "घासायचं नाही. नुसतं ठेवायचं. पाणी आपलं आपण काम करतं."

बापूंनी ठेवलं. म्हणाले, "पोराला ताप आला की कपाळावर पट्टी ठेवतो, तसं?"

"तसंच."

मग बापूंनी विचारलं. आदल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. "पण तुम्हाला यात आवडलं काय? राग मानू नका. मी तांबट माणूस, मला खरंच कळत नाही."

आणि मंडळी, तो मुका पोरगा बोलला! "मी दिवसभर काचेच्या इमारतीत असतो. भिंती चकाकतात, फरशी चकाकते, लिफ्टमध्ये चहूकडे मीच. संध्याकाळी खाली येतो, या गाडीजवळ उभा राहतो, तर हिच्यात मी दिसत नाही. गाडीच दिसते. डोळ्यांना बरं वाटतं."

बापू त्या गाडीकडे बघायला लागले. न घासलेल्या बाजूकडे. इतका वेळ त्यांनी तिच्यात तोंड शोधलं होतं, आता पहिल्यांदा तिला बघितलं. पहाटेचा उजेड तिच्यावर पडत होता आणि ती तो परत फेकत नव्हती. अंगात घेत होती. बापू हळूच म्हणाले, "हे कठीण काम आहे. असा सारखा रंग बसवणं. डाग नाही, लाट नाही. ज्यानं केलंय त्याचा हात चांगला."

तेल गेलं. चकाकी राहिली. बॉनेटच्या अर्ध्या अंगावर, धोतराच्या गोल फेऱ्यांसकट.

फराळाला पोटफोडेकाका आले ते थेट गाडीपाशीच. "अरेरे, हे काय? कुणी केलं हे?"

बापूंनी मान खाली घातली. आता येणार तो शब्द. हिच्या... 

"आमच्या बापूंनी," निनाद म्हणाला. "गाडीलाही पहिली आंघोळ घातली."

"मग आता? पुन्हा रंगवणार?"

"रंगवीन कधीतरी. अख्खं बॉनेट रंगवावं लागेल. घाई नाही." आणि बादली उचलून तो आत जाता जाता म्हणाला, "बापू, उटणं उरलंय का? माझी आंघोळ अर्धी राहिलीये."

बापू उटण्याची वाटी उचलून त्याच्या मागे आत धावले.

आता मंडळी, तुमच्याकडे वळतो. सुटलात असं समजू नका! घरी गेल्यावर बघा, आपण कुणाकुणाला घासतो आहोत. अबोल मुलगा असतो, त्याला चारचौघांत गाणं म्हणायला लावतो. सून मुकाट काम करते, तिला म्हणतो जरा हसत जा गं. नवरा संध्याकाळी दोन घटका गप्प बसतो, तर आपण लगेच चिंच नि राख घेऊन पुढे! का? तर त्यांच्यात आपलं तोंड दिसत नाही. अहो, नसेल दिसत. ते दिसताहेत ना? मग बघा की त्यांना. विचारा, तुला सोसतं कसं. ओलं फडकं ठेवा, नि थांबा.

आणि घासून झालंच असेल, तर उपरणं टाकून उभे राहू नका. काढा ते.

जाता जाता गाभाऱ्यात बघा. आपला हा देव. रंग कुठला? काळा. अंगाला चकाकी आहे? नाही. पण पायांकडे बघा. तिथे आपल्या पणज्या-खापरपणज्यांपासून कपाळं टेकली, हात फिरले, लोणी लागलं, तेल लागलं. तिथे तेवढा दगड झिजून आरशासारखा झालाय. तो काही बोलत नाही, तोही अबोलच. पण त्याला कुणी विचारलंच, की देवा, तुझ्या पायांचं हे असं कुणी केलं, तर तो काय सांगेल?

सांगेल, आमच्याच माणसांनी.

उठा आता, आरती घ्या. आणि पाया पडाल ते जरा हलक्या हातानं.