दहा पावलांवरची कुऱ्हाड

नाय नाय बानाबाई, खाली कशाला बसती, तो बाक हाये ना, त्याच्यावर बस — पोलीस पाटलाचं घर म्हणून एवढं बिचकायला काय झालं, आता कसला पाटील नि कसलं काय. भागूबाई, चहा टाक गं, त्रिंबकची बायको आलीय, एवढ्या उन्हात वस्तीवरनं चालत आलीय! — तर काय म्हणत होतीस, मंगळवारी तारीख? औरंगाबादला? आणि त्रिंबकला गोळी लागली तवा खरं काय झालं ते मी कोर्टात उभं राहून सांगायचं. बरं. सहा वर्षांनी तुझा अर्ज ऐकायला घेतला म्हणायचा. तुझं बरोबरच हाये गं माय, माझं कुठं काय म्हणणं हाये? पण आधी माझं ऐक. माझ्याइतका दगा या फुलंब्रीच्या पट्ट्यात कुणाला झाला नसंल — काय? तुझ्यापेक्षा? व्हय, तुझ्यापेक्षाबी! तुला निदान वैरी कोण ते पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. मी त्याला घरात बसवून जेवू घालत होतो.

पोलीस अ‍ॅक्शन झाली ना, तवा मी दहा-अकरा वर्षांचा. रझाकारांच्या भ्यानं आम्ही बाजरीत दडून बसायचो, मायनं तोंडावर हात दाबून धरलेला. मग फौज आली, आणि तिच्या मागनं काही दिवसांनी खाकीतले शिपाई आले. बापानं मला हाताला धरून वेशीवर नेलं, म्हणला, बघ काकासाहेब, हे आपले शिपाई, आता कुणाला भ्यायचं नाय. ते 'आपले' माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. पुढं मला पोलीस पाटील केलं तवा मी आठ दिवस नीट झोपलो नाय, एवढा आनंद. हा त्रिंबकला गोळी घालणारा फौजदार बदलून आला, तर त्याची खाट इथं, या लिंबाखाली. कोंबडं कापल्याशिवाय भागूबाईनं कधी पाठवला नाय त्याला. मला म्हणायचा, काकासाहेब, तुम्ही माझा उजवा हात. आणि मी येडा, छाती फुगवून गावभर सांगायचो!

आता आमच्या बद्रीनाथचं बघ. मपला सख्खा धाकटा भाऊ. तीन वर्षांमागं, भर दुपारी, दोघं जण आमच्या विहिरीवरची मोटार खोलत होते. ह्यो तिथंच बांधाला खांब रोवायला खड्डे खांदत होता, पहार हातातच. आडवा गेला तर एकानं पान्यानं त्याचं डोकं फोडलं — आठ टाके, मी मोजलेत — आणि पुन्हा हाणायला पाना उचलला, तवा ह्यानं पहार घातली. एकदाच. माणूस जागेवर गेला. गाव म्हणलं, आधी वकील गाठा. मी म्हणलो, वकील कशाला? आपले साहेब हायेत की! मीच त्याला ठाण्यात नेला, बानाबाई. पहारबी धुऊ दिली नाय, म्हणलं जशी हाये तशी साहेबांना दाखवू, लपवाछपवी नको. साहेबांनी त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, सगळं ऐकून घेतलं. आणि कागदावर काय आलं? पहार घेऊन पाठलाग केला, पळत्या माणसाला मारलं. फुटलेलं डोकं? ते म्हणे नंतर पडून फुटलं. जन्मठेप झाली. मी साहेबांचे पाय धरले तर मला म्हणतो, 'काकासाहेब, माणूस मेलाय, कायदा सगळ्यांना सारखा.' सारखा! ह्यानं माझ्या तोंडावर म्हणावं! सहा वर्षांमागं कुठं होता रे तुझा सारखा कायदा? बद्रीनाथला कोठडीत टाकायला दुपार पुरली, आणि ह्या साहेबावर साधा खटला भरायचा तर वरनं सरकारची परवानगी पाहिजे, ह्यानं केलं ते सरकारी काम! बद्रीनाथच्या जिवावर बेतलं होतं. ह्याच्या जिवाला काय झालं होतं? त्रिंबक तर हात जोडून उभा.

तुमच्या लोकांची रीतच हाये ना ती — साहेब दिसला की कुऱ्हाड खांद्यावर ठेवायची नाय. आधी भुईवर ठेवायची, शेजारी वहाणा काढायच्या, मग पुढं व्हायचं. मेंढरांना बाभळीचा पाला पाडायची कुऱ्हाड ती, पण रीत म्हणजे रीत. त्या दिवशीबी त्रिंबकनं दहा पावलांवर ठेवली होती, नीट, वहाणांना लागून, मी साहेबांच्या बरोबरच होतो. साहेबांनी दोन कानफटात दिल्या, चोरीच्या मेंढ्या कुठं घातल्यास म्हणून. त्यानं कुठल्या मेंढ्या चोरल्या होत्या, गरीब माणूस. तो भ्याला, वळला, कळपाकडं पळाला, आणि ह्यानं पिस्तूल काढलं. कुशीत लागली. आणि मग बानाबाई, साहेबांनी माझे हातच धरले! काकासाहेब मला वाचवा, म्हणले, माझी लेकरं उघड्यावर पडतील. त्यांना काही सुचंना, बरोबरचा शिपाई नुसता येड्यासारखा उभा, तवा मी कुऱ्हाड आणून —

आणून म्हणजे — शिपायानं आणली. मी नुसतं — जाऊ दे. तुझ्यासमोर काय खोटं बोलायचं. मीच आणली. त्रिंबकच्या हातापासनं हातभरावर ठेवली, पातं साहेबांकडं करून. वहाणा तिथंच राहिल्या, त्या कुणाच्या ध्यानातच आल्या नाय. मग पंचनामा. 'कुऱ्हाड उगारून अंगावर धावला.' खाली माझी सही आणि सांडू कोतवालाचा अंगठा — काय म्हणालीस? वहाणा तू उचलल्यास? घरी हायेत अजून?

… असतील. तुझ्याशिवाय कोण नेणार.

मला तवा वाईट वाटलं नाय असं नको समजू. दोन दिवस अन्न गेलं नाय. पण वाटलं, मेला तो काही परत येत नाय, आपला माणूस तर वाचला. उद्या आपल्यावर वेळ आली तर हा माणूस उभा राहील. मी इमान राखलं, बानाबाई! आणि त्यानं? — हसतीस काय? इमान म्हणलं म्हणून हसतीस?

येईन की मंगळवारी. का नाय येणार? सगळं सांगतो, त्याची वर्दी उतरवतो — फक्त आमच्या आशाचं लग्न हाये. बद्रीनाथची लेक. पंधरा दिवस राहिलेत. बद्रीनाथनं तुरुंगातनं रजेचा अर्ज टाकलाय, कन्यादानापुरता यायचं म्हणतो, पोरीनंबी तेच धरलंय, बाप आल्याशिवाय बोहल्यावर चढायची नाय. आणि तुरुंगवाले अहवाल मागतात ठाण्याचा, की ह्याला सोडलं तर गावात काही गडबड नाय ना. साहेब आता वर चढलेत, ठाणं त्यांच्याच हाताखाली. परवा शिपाई आला होता. म्हणला, साहेबांनी नमस्कार सांगितलाय, काकासाहेबांची तब्येत बरी नसते म्हणे, मंगळवारी कुठं प्रवासाला जाऊ नका म्हणले.

बस एवढंच. जास्त काही बोलला नाय तो.

चहा घे ना. थंड झाला. … नको? — हे बघ बानाबाई, मी मगाशी जे बोललो ना, उन्हात डोकं तापलं की माणूस काहीबाही बोलतं. सहा वर्षं झाली, एवढं कुठं ध्यानात राहतंय. कुऱ्हाड हातभरावरच होती. कागदावर तसंच हाये, माझी सही हाये, ती मीच कशी खोटी पाडू? … अशी नको बघू माझ्याकडं. तुला लेक असती तर कळलं असतं. — आणि कुणी विचारलंच तर तू इथं आली नव्हतीस, मी तुला बघितलं नाय. भागूबाई, तो कप आत ने. ऊठ बाई तू. ऊठ म्हणतो ना! — तिकडनं नको, रस्त्यावर शिपाई असतो. मागल्या दारानं जा.