बत्तीस बिननावाचे व्हॉल्व्ह

भाची: थांब मामा, मला नीट कळू दे. सगळ्याच्या सगळ्या ट्यूब पुसल्या? एकही नाही राहिली?

मामा: बत्तीसच्या बत्तीस. व्हॉल्व्हच्या काचेवर कारखान्याचं नाव असतं, साल असतं, पण ते वरवर छापलेलं गं, कोरलेलं नव्हे. ओलं बोट फिरलं तरी निघून जातं. म्हणून चाळीस वर्षं मी व्हॉल्व्ह बुडाला धरत आलो, पाखराचं पिल्लू धरावं तसा. आणि तुझ्या मामीने काय केलं ते तिलाच विचार. मी तिच्याशी बोलत नाही.

मामी: स्पिरिटने पुसले आणि लख्ख केले. तुझ्या मामांना सांग, पोरीच्या हातचं पहिलं यंत्र घराबाहेर चाललंय, त्यात धुळकट काचा बसवून द्यायच्या नव्हत्या मला.

भाची: अगं, तुम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलायत.

मामी: बसलोय ना. पण परवापासून टपाल तुझ्यामार्फत.

भाची: बरं, मग आता माझं ऐका. पाच वाजता व्हायोलिनवाले सर येतायत. हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर मी बनवलाय, ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलाय, तारा जोडलेला कथलाचा एकही डाग कच्चा नाही, हवं तर भिंग लावून बघा. राहिल्यात फक्त दोन ट्यूब, तुझ्या भाषेत व्हॉल्व्ह. सरांनी घेताना एकच अट घातली होती, तुझा डबा मला चालेल, पण आतल्या ट्यूब तुझ्या मामाने स्वतः ऐकून निवडलेल्या पाहिजेत.

मामा: घालणारच. या कानाची ख्याती आहे. टपालमास्तरचा रेडिओ बिघडला होता तेव्हा त्याने मला फोन केला. मी म्हटलं, रिसीव्हर रेडिओजवळ धरा. धरला. मी ऐकलं आणि सांगितलं, डावीकडून तिसरा व्हॉल्व्ह गेलाय, आणि त्याच्या बुडाशी एक झुरळ आहे. उघडून बघतात तर झुरळ.

मामी: यांना विचार, आदल्या आठवड्यात तोच रेडिओ दुरुस्त करून मागची फळी कोणी बसवली होती. झुरळ यांनीच आत कोंडलं होतं.

मामा: तपशील आहे तो. आणि त्या शिंप्याच्या रेडिओत मी जो व्हॉल्व्ह घातला, त्यात गाणाऱ्या बाईच्या कानातली डुलं हललेली ऐकू यायची. दुसऱ्या कडव्यात एक डूल खाली पडलं. शिंपी टेबलाखाली वाकून शोधायला लागला.

भाची: मामा, घड्याळ बघ. सरांनी त्यांची जुनी ध्वनिफीत दिलीय. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोन व्हायोलिनं. भाऊ गेला त्यालाही आता वीस वर्षं झाली. दोघांचं एकत्र वाजवणं तेवढंच उरलंय, आणि सर म्हणतात, कुठल्याही यंत्रावर लावलं तरी एकच व्हायोलिन ऐकू येतं, जाडजूड. त्यांना भावाचं वेगळं ऐकायचंय. एवढंच मागितलंय त्यांनी.

मामा: मिळेल की. माझ्याकडे होती तशी जोडी. नावानिशी होती.

भाची: अजूनही आहे, याच बत्तिसात. सकाळी सगळ्या तपासयंत्रावर लावल्या. अठरा थकलेल्या निघाल्या. चार पेन्सिलीने टिचकी मारली की घंटेसारख्या वाजतात, त्या बाद. उरल्या दहा, म्हणजे पाच जोड्या. बुडाला चिठ्ठ्या चिकटवून नंबर घातलेत. तू फक्त ऐकायचंस आणि नंबर सांगायचा.

मामा: आत्ताच? दुपारी कान जड असतो. आणि खरं सांगू का, दहाही चांगले व्हॉल्व्ह आहेत. घाल कुठलेही दोन.

भाची: कुठलेही? तू? एका व्हॉल्व्हपायी पाहुणे जेवायचे थांबवले होतेस म्हणे.

मामी: दीड तास. भात दोनदा गरम केला मी.

मामा: मी तयारच आहे. कोण घाबरलंय?

भाची: मग इकडे खुर्चीत बस आणि हेडफोन चढव. डबा कपाटाच्या दाराआड ठेवलाय, वायर लांब आहे. तू ट्यूब बघायच्या नाहीत. प्रत्येक वेळी मी बंद करणार, निवल्यावर बदलणार, मग पाच मिनिटं तापू देणार. तोवर गप्प बसायचं.

मामा: सरळ वर ओढ हं. फिरवू नकोस, पाय वाकतात. नऊ पाय आहेत बिचाऱ्याला.

भाची: माहितेय. तूच शिकवलंयस. हं, ही पहिली जोडी. बोल.

मामा: हंऽ. भारदस्त आहे. चांगलं जेवून आलेल्या माणसासारखा आवाज. पण जरा सुस्त.

भाची: दुसरी.

मामा: ही हुशार आहे. पण आगाऊ. पुढे पुढे करते.

भाची: तिसरी.

मामा: अहाहा. ही बघ. कापूस. नुसता पिंजलेला कापूस. व्हायोलिनची तार नाही, दोन रेशमाच्या लडी एकमेकींना घासतायत असं वाटतं. हिच्यापुढे बाकीच्या पाणी भरतील.

भाची: चौथी.

मामा: शी. काढ आधी. हा पत्रा आहे. गच्चीवरून डबा गडगडत आला असं वाटलं. तिसरीनंतर ही ऐकवून तू माझा अपमान केलास.

भाची: मामा.

मामा: काय?

भाची: चौथ्या वेळी मी काही बदललं नाही. बंद केला, तेवढाच वेळ थांबले, पुन्हा चालू केला. तिसरीच होती.

मामा: बदललं नाहीस.

भाची: नाही. चाचणी खरी व्हावी म्हणून एकदा तसं करतात. तुला फसवायचं म्हणून नाही रे. मला वाटलं होतं, तू लगेच ओळखशील आणि वर मला रागावशील.

मामा: हा घे तुझा हेडफोन.

मामी: दे तो हेडफोन इकडे. यांना पाणी दे आणि मला काय ते ऐकव. पाचही जोड्या ऐकव, आणि मध्ये बडबडू नका, मला काही ऐकू येणार नाही.

(मामी हेडफोन चढवते, डोळे मिटते; भाची एकेक जोडी बदलत जाते. पुढचं बोलणं तिच्या समोरच, पण तिच्या कानाआड.)

भाची: कधीपासून, मामा?

मामा: साठी उलटली तेव्हापासून. आधी चिमण्या गेल्या. मी म्हटलं, हल्ली आपल्या गल्लीत चिमण्या राहिल्या नाहीत. तर ही म्हणाली, खिडकीतच बसल्यात की सात-आठ, भांडतायत. मी बघितलं तर चोची हलत होत्या. आवाज नाही.

भाची: पण त्यानंतर बारा वर्षं तू दुकान चालवलंस. लोक लांबून यायचे. तू डोळे मिटायचास, व्हॉल्व्ह बदलायचास, आणि एकदम म्हणायचास, हाच. मी पाहिलंय. शाळेतून आले की स्टुलावर बसून तेच बघायचे मी. म्हणून तर हे शिकले.

मामा: तू माझ्याकडे बघायचीस ना? सगळेच बघायचे. मी कुठे बघतोय ते कोणी बघितलं नाही.

भाची: तुझे तर डोळे मिटलेले असायचे.

मामा: मिटल्यासारखे. फटीतून हिच्याकडे बघत असायचो. ही कोपऱ्यात विणत बसलेली. रेडिओला स्पीकर असतो गं, सगळ्या दुकानाला ऐकू येतं. भलता व्हॉल्व्ह लावला की हिच्या सुया चालूच. टुकटुक, टुकटुक. दुसरा लावला, तरी चालू. आणि खरा लागला की सुया थांबायच्या. क्षणभरच. तिचं तिलाही कळत नसेल. मग मी मान डोलवायची आणि म्हणायचं, हाच. गिऱ्हाईक गार.

भाची: म्हणजे हे हेडफोनचं काम आलं, तेव्हा...

मामा: तेव्हा माझी झोप उडाली. हेडफोन एकाच्या डोक्यावर. जो ऐकणार तो एकटा. सुया थांबणार कशा? तरी म्हटलं, काचेवर नावं आहेत, सालं आहेत. नावं वाचीन, डोळे मिटीन, दोन उपमा फेकीन आणि वेळ मारून नेईन. तर हिने सगळी नावं पुसून ठेवली.

भाची: म्हणून दोन दिवस अबोला.

मामा: मग काय करू? खरं कारण सांगता येईना.

भाची: तिला कधी सांगावंसं वाटलं नाही? एवढ्या वर्षांत?

मामा: ख्याती माझ्या नावावर बसून गेली होती, कोणत्या तोंडाने उठवू? पण तुला सांगतो. मी मोठमोठे जाणकार पाहिलेत, डोक्याला तेल लावून मैफिलीत पुढे बसणारे. हिच्या तोडीचा कान कुणाचा नाही. बारा वर्षांत एकदाही चुकली नाही ही. एकदाही नाही. मी दुकानात छाती काढून उभा असायचो ना, तेव्हा लोकांना वाटायचं, गडी स्वतःवर खूश आहे.

भाची: गप्प, ती काढतेय हेडफोन.

मामी: दोन नंबर.

भाची: दोन? मामाने आगाऊ म्हटलेली?

मामी: हो. पहिल्या जोडीत एकच माणूस वाजवतोय आणि दुसरा त्याच्या पाठीमागे लपलाय. तिसरी गोड आहे, पण गोडातच सगळं बुडालंय. चौथी-पाचवीचं नावच नको. दोन नंबरात दोघं शेजारी शेजारी बसलेत. उजवीकडचा सावकाश आहे, जबाबदार. डावीकडचा घाई करतो, आणि सूर सोडण्याआधी नाकाने श्वास घेतो. सर्दी झालेली असावी त्याला.

भाची: मामी, हे सर तुला कधी बोलले होते?

मामी: कशाबद्दल? नाही बाई.

भाची: मला बोलले होते. भाऊ घाई करायचा आणि बारा महिने शिंकायचा. वाजवताना त्याचं नाक ऐकू यायचं म्हणून सर त्याला रागवायचे.

मामी: मग येतंय की ऐकू. आणि एक सांगते, दोन आवाजांच्या मध्ये तुझा डबा अगदी मुका आहे. गुणगुण नाही, खरखर नाही. यांच्या हातच्या पहिल्या रेडिओत तर माशी अडकल्यासारखी वाटायची. तू यांच्या पुढे गेलीस.

मामा: गेलीच आहे. मी म्हणणारच होतो. तिला मीच शिकवलंय, हे मात्र कुणी विसरू नका.

भाची: दार वाजलं. सर आले. मामा, ते पहिलं हेच विचारतील, ट्यूब कोणी निवडल्या. काय सांगायचं?

मामा: तू दोन नंबर बसव आणि तापू दे. दार मी उघडतो, आणि दारातच सांगतो, चपला काढायच्या आत. ट्यूब माझ्या बायकोने निवडल्या, आणि आजच नाही, बारा वर्षं तीच निवडत आलीय. गंमत बघ, झुरळ लोकांना पटलं, डूल पटलं, आणि नेमकी ही खरी गोष्ट सरांना थाप वाटणार. तीनदा सांगावी लागेल. सांगीन. चारदा सांगीन.

भाची: गेला. मामी, ऐकलंस काय म्हणाला ते? तू हेडफोन लावला होतास तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. दुकानात तो डोळे मिटून ऐकत नव्हता, तुझ्या सुयांकडे बघत होता. खरा व्हॉल्व्ह लागला की तुझ्या सुया थांबायच्या म्हणे, तुझ्या नकळत.

मामी: नकळत? त्या डॉक्टरांच्या रेडिओला सात व्हॉल्व्ह बदलले, सातही टाकाऊ. विणत राहिले मी तशीच. त्या दिवशीची बाही गुडघ्यापर्यंत आली.

भाची: म्हणजे तुला माहीत होतं.

मामी: चिमण्या ऐकू येईनात तेव्हापासून. मुद्दाम थांबवायचे मी सुया, चांगले दोन श्वास. नाहीतर यांना कळणार कसं?