तलावावरच्या शेडमधली पंगत

ऐका. आणि ते मोबाईल खाली ठेवा, न्हाईतर मी आपला उठतो.

आपल्या तलावावर बाग हाय. बागेत सहलीवाल्यांना जेवायला पत्र्याच्या शेडा बांधल्यात. त्यांची राखण आता माझ्याकडं हाय, पूर्वी येसबाकडं होती. राखण कसली, उष्टी काढायचंच काम ते! लोक यायचे, खायचे, पत्रावळ्या वाऱ्यावर सोडून जायचे. येसबानं पाट्या लावल्या, कचऱ्याला पिंपं ठेवली. लोक पाटीला टेकून खायचे आणि पिंप पालथं घालून त्यावर बसायचे. सांगून सांगून येसबाचं डोकं उठलं होतं.

त्यात ती कडेची शेड. ती बांधताना तिथली जुनी जांभळ तोडली. पूर्वी वनभोजनाला गेलं की पहिला घास त्या जांभळीखाली ठेवायचा, जागेच्या नावानं. झाड गेलं, मग म्हाताऱ्या बाया शेडच्या खांबाशी घास ठेवायला लागल्या. त्याला मुंग्या लागायच्या. येसबा वैतागलेला. त्यानं बायांना दरडावलं, घास बंद केला, खांब फिनेलनं धुतला. घरी स्वतः मात्र पहिला घास बाजूला काढल्याशिवाय तोंड उघडायचा न्हाई. आईनं लावलेली सवय. बंदी काय ती शेडमधे!

तर ऐका. एकदा अंधार पडल्यावर त्याला आठवलं, कडेची शेड झाडायची ऱ्हायलीय. सकाळी साहेब बाग बघायला येणार. त्याची बायको हौसा म्हणाली, "भाकरी खाऊन जावा. आज अवस हाय."

"आलोच," म्हणाला. बॅटरी घेतली, खराटा खांद्यावर टाकला, आन् तलावाच्या आडवाटेनं निघाला. उपाशी पोटी, बरं का.

शेड झाडली. वळला, तर परत पत्रावळ्या. परत झाडली. वळला. परत पत्रावळ्या, आन् आता त्यावर वाफाळता भात. तुम्ही पळाला असता. येसबा न्हाई पळाला. त्याला भीतीच्या आधी राग आला.

"कोण हाय रं? दिवसभर उष्टी काढतो, आता रातचीबी काढू का?"

अंधारात कुणीतरी हसलं. बॅटरी विझली. तरी दिसत होतं. शेडभर पंगत बसलेली, माना खाली. पानं वाढलेली, पण कुणी खाईना. मधे, खांबाला लागून, एक जागा मोकळी.

पंगतीतला एक म्हातारा बोलला, "येसबा, लई दमलास. बस, जेव. तू आमचा घास बंद केलास, आता आमच्यातच ऱ्हा. रोज तूच वाढ."

येसबा पळायला गेला. पाय हलेनात. गुडघे आपोआप वाकले, त्या मोकळ्या जागी मांडी घातली गेली, हात भातात गेला. तो घास पोटात गेला असता, तर येसबा कायमचा त्या पंगतीचा वाढपी झाला असता. हौसाची भाकरी तशीच ऱ्हायली असती. भूक तर अशी, की भाताच्या वासानंच तो अर्धा तिकडचा झाला होता.

घास उचलला. आन् सवयीनं हात आधी बाजूला गेला. घास खांबाशी टेकला.

पंगतच्या पंगत उठली आन् त्या एका घासावर तुटून पडली! पाय सुटले. येसबा जो पळाला, चपला तिथंच, खराटा तिथंच, थेट घरच्या उंबऱ्यात येऊन पडला. हौसानं तोंडावर पाणी मारलं. त्यानं आधी भाकरी मागितली.

सकाळी शेड लख्ख झाडलेली. खराटा खांबाला टेकून ठेवलेला. साहेबानं पाठ थोपटली. येसबा म्हणाला, "साहेब, सगळं झाडीन. खांबाजवळचं मात्र झाडणार न्हाई."

म्हणून सांगतो, दिवस मावळल्यावर त्या आडवाटेला पाऊल टाकू नका. दिवसा जा, खा, खांबाशी घास ठेवा. आन् आता उठा. आपापली पत्रावळ उचला. कुणाची मागं ऱ्हायली, तर अंधारात ती झाडून मागं वळायची हिंमत माझ्यात न्हाई.