लाल ते गार, निळं ते गरम

...आणि पहिलाच प्रश्न काय, तर 'हे रंग खरे का हो?' अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या बाल्टिमोरमधलं एक वाचनालय, एक शाळा, एक चर्च सोडलं नाही मी, अवकाशातल्या दुर्बिणीचे फोटो घेऊन सगळीकडे हिंडलो, कारण ते तिच्याकडून येतात काळेपांढरे आणि त्यांना रंग चढवणं हीच माझी नोकरी, तर लोक आधी 'अहाहा' करतात, डोळे पुसतात, आणि मग हात वर... 'हे रंग खरे का हो?' आता काय सांगू? तो प्रकाश मुळात माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही! ऊब असते ती, ऊब! तिच्यातली लांब लहर आम्ही लाल करतो, आखूड ती निळी, झालं! पण एवढं सांगितलं की चेहरे असे पडतात, जसं काही मी दुधात पाणी घालताना सापडलो!

म्हणून ठरवलं होतं, हे शेवटचं. चर्चच्या तळघरात शनिवारी खेकड्यांची पंगत, मग माझे फोटो, आणि मग आपण कायमचे मोकळे. टेबलांवर तपकिरी कागद अंथरलेले, कवचांवर लाकडी हातोड्या ठकाठक, मसाल्याने सगळ्यांची नाकं वाहतायत... मी पडद्यावर धुळीचा ढग लावला, ज्याच्या पोटात तारे जन्मतात तो. अहाहा झालं. आणि उठला कोण? चेस्टर प्लंबर! 'हे रंग खरे का हो?' म्हटलं, साधं आहे, लाल ते गार, निळं ते गरम. 'काय? अहो, असे नळ मी बसवले असते ना, तर लोकांनी मला पाइपानेच बडवलं असतं!' सगळं तळघर खो खो!

तेवढ्यात पुढच्या टेबलावरून आवाज, 'ए बाळा, नळ राहू देत. ऊब म्हणालास ना तू?' मिस अर्नेस्टीन! ऐंशीच्या पुढची बाई, जन्मापासून आंधळी. हट्ट करून मला बोलावलं होतं तिनेच, आणि मी शहाणा मघापासून 'हे बघा, ते बघा' करत होतो! म्हणाली, 'घरापुढच्या संगमरवरी पायऱ्यांवर हात धरला की ऊन कुठवर आलंय ते कळतं मला. तुझा ढग दाखव. मी तो बघायला आलेय, खेकडे मला घरीही मिळतात.'

आता दाखवू कसा? घाम फुटला हो! समोर परातीत वाफाळता मका. उचलली कणसं, ठेवली कागदावर, वर नॅपकिनांचा हा ढीग रचला. म्हटलं, 'ही धूळ. तारे आत आहेत, शोधा.' तिने ढिगाच्या जरा वर तळवा धरला, सावकाश फिरवला... हातोड्या थांबल्या. 'इथे एक... नाही, दोन, शेजारी शेजारी. आणि हा कोपऱ्यातला... लहान आहे का रे?' लहानच होता! अर्धं कणीस! अहो, आमची दुर्बीण याहून वेगळं काय करते? आणि रडतंय कोण? चेस्टर! मग काय, रांगच लागली, सगळे डोळे मिटून, हात पुढे करून... मका गार झाला की आतून बायका नवा आणतायत! इतकी वर्षं लोकांना फोटो दाखवतोय, पण खरं सांगतो, तो ढग मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. फार उपकार झाले हो त्या बाईचे माझ्यावर, आणि तसं मी तिला तिथेच सांगितलं.

निघताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. 'बघितला मी,' म्हणाली, 'देव तुझं भलं करो.' आणि मग मला जवळ ओढून, हळूच कानात, 'आता आपल्या दोघांतच सांग बाळा, ते रंग खरे का रे?'

काय करणार! काल आणखी एका चर्चचं बोलावणं आलं. मी हो म्हटलं, आणि एवढंच विचारलं... तुमच्याकडे मका असतो ना?